वजा एक डॉलर एकोणसत्तर

पावती अजून पाकिटात आहे. हिरवट कागद, कोपऱ्यात कॉफीच्या कपाचा अर्धा गोल डाग. टेंडरलॉइन 10.95, कॉफी 1.95, पाय (सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) 3.95. खाली बेरीज, आणि बेरजेच्या खाली निळ्या बॉलपेननं घाईघाईत लिहिलेली एक ओळ: 'ड्रायव्हर', समोर वजा 1.69. परवा बायकोनं पाकिटातला कचरा काढता काढता विचारलं, "हे टाकू?" मी म्हणालो, "राहू दे." तिला वाटलं, ऑफिसकडून पैसे यायचे असतील. पण ऑफिसला मी ती पावती दिलीच नव्हती. कामाच्या प्रवासातलं जेवण होतं, सहज मिळाले असते. तरी वीसेक डॉलर अंगावर घेतले, कारण त्या ओळीसकट तो कागद हिशेबाच्या खिडकीत सरकवायचा म्हटल्यावर हात आखडला. तेव्हापासून ते डोक्यात आहे.

जानेवारी होता. आयोवातल्या सीडर रॅपिड्सहून शेजारच्या नेब्रास्कातल्या ओमाहाला निघालो होतो, दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंग. एरवी मी खाली उतरून आय-80 हा इंटरस्टेट, म्हणजे राज्याराज्यांतून जाणारा मोठा महामार्ग, धरतो. त्या दिवशी आय-80 वर पुढे काहीतरी अपघात होता, नकाशावर लांबच लांब लाल रेघ दिसत होती, म्हणून सरळ हायवे 30 नं पश्चिमेला निघालो. हा जुना रस्ता. 1913 साली आखलेल्या लिंकन हायवेचा वारस. टामा गावात त्या काळचा, 1915 चा, एक छोटासा पूल आहे. त्याच्या कठड्यात 'लिंकन हायवे' ही अक्षरंच काँक्रीटमध्ये ओतलेली आहेत. कधीतरी वाट वाकडी करून बघितला होता. पुढे 1956 च्या कायद्यानं इंटरस्टेट बांधायला घेतले आणि लांबची रहदारी सगळी तिकडे वळली. हायवे 30 वर उरली ती जवळची माणसं: धान्याचे ट्रक, डुकरांचे ट्रक, शाळेच्या बस, आणि इंटरस्टेटवर काही बिघडलं की माझ्यासारखे.

ऊन होतं, पण उणे वीसचं ऊन. वाऱ्यानं शेतातला भुरभुरीत बर्फ उचलून रस्त्यावर सोडलेला. पांढरे साप सळसळत एका कडेनं येतात, चाकांखालून जातात आणि दुसऱ्या कडेला नाहीसे होतात. अर्धा तास त्यांच्याकडे बघत गाडी चालवली की रस्ता हलतोय की आपण, ते कळेनासं होतं. कॅरोल हे गाव सोडल्यावर जमीन जरा लाटा घ्यायला लागते. तिथे एका चढावर धान्याच्या कोठाराच्या उंच सिमेंटी नळकांड्यांशेजारी ती पाटी दिसली. पाटीवर फक्त तीन शब्द होते, डिझेल, आंघोळ आणि पाय. भूक मला तोपर्यंत लागलेली नव्हती. तिसऱ्या शब्दानं लागली.

आयोवातच, वॉलकॉटला, आय-80 वर जगातला सगळ्यात मोठा म्हणवणारा ट्रक स्टॉप आहे, 1964 पासूनचा. तिथे दाताचा डॉक्टर आहे, न्हावी आहे, ट्रकांचं संग्रहालयसुद्धा आहे. पाहुणे आले की आम्ही दाखवायला नेतो. हा त्यातला नव्हता. हा एकाच कुटुंबाचा, एकाच छताखालचा: चार डिझेल पंप, मागे वीसेक ट्रक उभे राहतील एवढं खडीचं आवार. पुढच्या बाजूला नांगरून ठेवलेल्या बर्फाचा ढीग होता, गाड्यांना जागाच नव्हती, म्हणून मी मागे ट्रकांच्या रांगेत एका कडेला माझी छोटी गाडी लावली आणि मागच्याच दारानं आत शिरलो. सगळे ट्रक सुरू होते. माणूस आत जेवतोय आणि गाडी बाहेर घुरघुरतेय, हे बघून प्रथम मला डिझेलची नासाडीच दिसली. मग लक्षात आलं की ह्या थंडीत बंद केली तर सुरू होईलच याची खात्री नाही.

मागचं दार म्हणजे ड्रायव्हरांचं दार. एक लांब बोळ. डाव्या हाताला आंघोळीच्या खोल्या, त्यांच्यावर नंबर. ठरावीक गॅलन डिझेल भरलं की आंघोळ फुकट, अशी चिठ्ठी लावलेली. उजवीकडे कपडे धुण्याची यंत्रं, त्यातल्या एकात कुणाचा तरी नारिंगी झगझगीत जाकीट गरगरत होता. साबणाचा, ओल्या लोकरीचा आणि तळणाचा वास एकमेकांत मिसळलेला. मग एक रॅक: हातमोजे, फ्यूज, दोऱ्या, डिझेलमध्ये घालायच्या बाटल्या, आणि लाकडी सोटे. हातभर लांब, एका टोकाला पकडायला चामड्याची वादी. मारामारीचे असतील असं वाटावं असे. मला ते काय आहेत ते ताबडतोब कळलं. टायर ठोकून हवा बघायचे. एक उचलून तळहातावर आपटून बघितला आणि परत ठेवला.

आत उजेड पिवळा होता आणि ऊब अशी, की चष्म्यावर वाफ धरली. चष्मा पुसेपर्यंत समोर फक्त आवाज होते. फासे कपात खळखळतायत आणि टेबलावर आपटतायत. नंतर दिसलं, बियाणं कंपन्यांच्या टोप्या घातलेले चार-पाच म्हातारे शेतकरी फासे टाकत होते. जो हरेल त्यानं सगळ्यांची कॉफी द्यायची. एका कॉफीची किंमत दोन डॉलरसुद्धा नाही, पण फासे टाकताना चेहरे असे, जणू शेत लावलंय. आमच्याकडे पारावर पत्त्यांचा डाव बसतो त्यातलीच ही मंडळी. हिवाळ्यात ह्यांना काम नसतं आणि घरात बायका बसू देत नसाव्यात.

काउंटरच्या एका बाजूला चार टेबलं वेगळी मांडलेली होती आणि त्यांच्यावर छतापासून एक पाटी लोंबत होती: फक्त व्यावसायिक चालकांसाठी. मी अर्थातच तिकडे गेलो नाही. काउंटरच्या उंच स्टुलावर बसलो. साठीची, बारीक, पांढऱ्या केसांची पोनी बांधलेली वाढपी बाई आली. दोन्ही हातांत काचेची भांडी, एकाची मान काळी, एकाची नारिंगी. नारिंगी म्हणजे बिनकॅफिनची, हे मला इथे येऊन बरीच वर्षं झाल्यावर कळलं. तोवर मी रंग आवडला म्हणून ती मागायचो आणि झोप का जात नाही याचं नवल करायचो. तिनं न विचारताच काळ्या मानेच्या भांड्यातून कप भरला. म्हणाली, "ड्रायव्हिंग करतोयस, हन?" हन म्हणजे हनी, लाडानं.

मी म्हणालो, "हो. ओमाहापर्यंत."

प्रश्न बरोबर होता, उत्तरही खोटं नव्हतं.

जेवणाबद्दल सांगतो, कारण जेवण चांगलं होतं. आयोवात माणसं बत्तीस लाख आणि डुकरं त्यांच्या सातपट, तेव्हा इथे जेवायचं काय हा प्रश्नच नसतो. टेंडरलॉइन म्हणजे डुकराच्या पाठीचा लुसलुशीत तुकडा हातोड्यानं ठोकून ठोकून पापडासारखा पसरवतात, चुऱ्यात घोळवून तळतात आणि मग बशीएवढ्या त्या प्रकरणाला तळहाताएवढ्या पावात घालतात. पाव मधोमध अंगठी घातल्यासारखा. चारी बाजूंनी बाहेर आलेलं मांस आधी कडेकडेनं मोडून खायचं, पापडासारखंच, आणि मग पावापाशी पोचायचं. कुरकुरीत, मिरपुडीचा जरासा चटका, आत नरम, लोणच्याच्या काकडीच्या दोन चकत्या. मी साताऱ्याकडचा, घरात रविवारी मटण ठरलेलं, पण डुक्कर मी खातो हे आईला अजून माहीत नाही. अण्णांना, म्हणजे वडिलांना, माहीत आहे. त्यांनी एवढंच विचारलं होतं, "भाकरी मिळते का त्याच्याबरोबर?"

आणि पाय. हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी आला की घोळ होतोच. फोनवर मी अण्णांना सांगितलं, पाय खाल्ला, तर ते म्हणाले, "बकऱ्याचे?" पाटीवर पाहून आलो होतो ती पाय त्या दिवशी मनुकांची होती, सावर क्रीम घातलेली. आंबटसर साय, अंडं, साखर आणि मनुका एकत्र आटवून केलेलं घट्ट पिवळसर सारण, वर भाजलेल्या अंड्याच्या फेसाची दोन बोटं उंच टोपी. पहिल्या घासाला मी जरा थांबलो. दाट आंबटगोड, त्यात फुगलेली मनुका दाताखाली येते. श्रीखंडच, फक्त कोमट, आणि वेलदोड्याच्या जागी दालचिनी. इकडच्या शाळांत मुलांना तिखट चिलीबरोबर, म्हणजे राजमा-खिम्याच्या रश्श्याबरोबर, दालचिनीचा गोड रोल देतात, तेव्हा ते एका घासाला हे आणि दुसऱ्याला ते असं खातात. बाकीची अमेरिका त्यांना हसते. आपल्याकडे ताटात श्रीखंड आणि बटाट्याची भाजी शेजारी असते, तेव्हा मला ह्यात हसण्यासारखं काही सापडत नाही.

कप अर्धा झाला की ती येऊन भरून जात होती. कॉफी पातळच. पातळ असते म्हणूनच पाच कप पिता येते. ह्या बायकांचं एक कसब असतं: तुम्ही घास तोंडात घातला की नेमकं त्याच क्षणी येऊन विचारतात, सगळं ठीक ना? तुम्ही मान हलवता. तेवढंच त्यांना हवं असतं.

मग पावती आली. काउंटरवर पालथी ठेवून ती गेली. मी उलटवली आणि ती ओळ वाचली.

आता जे झालं ते क्रमानं सांगतो. पहिलं, मला राग आला. छोटासा, पण राग. माझी दाढी, डोक्यावर लोकरीची टोपी, जाड जाकीट. गेल्या काही वर्षांत अमेरिकेतल्या ट्रकांवर पंजाबी ड्रायव्हर इतके झालेत की पश्चिमेला जाताना आय-80 वर ट्रक स्टॉपमध्ये परोठे आणि डाळ मिळते. तेव्हा ह्या बाईच्या हिशेबात माझ्या रंगाचा माणूस काउंटरवर बसला की तो ट्रक चालवत असणार. दुसरं, मी बॅगेतून लॅपटॉप काढून काउंटरवर उघडला. काही काम नव्हतं. नेटसुद्धा लागत नव्हतं. कंपनीच्या नावाचं स्टिकर असलेली बाजू तिच्याकडे करून मी पाच मिनिटं रिकाम्या पडद्याकडे बघत बसलो. तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. ड्रायव्हर लोक लॅपटॉप वापरतच असतील. तिसरं, मला आठवलं की मी मागच्या दारानं, ट्रकांच्या आवारातून, आंघोळीच्या बोळातून आलोय. त्या दारानं दुसरं कोण येतं? आणि चौथं, हे सगळ्यात उशिरा आठवलं, आणि उशिरा आठवलं हेच खरं टोचलं.

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं.

मी पैसे मोजून ठेवले. कापलेल्या रकमेपेक्षा जास्त टिप ठेवली, म्हणजे सुटल्यासारखं वाटेल. आयोवात वाढप्यांना मालकाकडून तासाला 4.35 डॉलरपर्यंतच पगार दिला तरी चालतो, बाकीचं टिपमधून निघावं अशी कायद्याची अपेक्षा. तेव्हा पाच डॉलर काही उपकार नव्हते. सुटल्यासारखं तर वाटलंच नाही. पुढे मिसुरी नदी येईपर्यंत रेडिओ बंद ठेवून गाडी चालवली.

मी चौथीत असेन. मे महिन्याच्या सुट्टीत अण्णा मला एकदा सातारा-मुंबई गाडीवर घेऊन गेले होते. केबिनमध्ये त्यांच्या डाव्या हाताला इंजिनचं गरम बॉनेट, त्याच्यावर गोणपाट टाकून मला बसवलेलं. बुडाला चटके बसत होते, पण उठायचं मनात नव्हतं. खंबाटकीचा घाट समोरच्या काचेतून बघणं आणि खिडकीतून बघणं ह्यात फरक आहे. वाटेत एका हॉटेलवर गाडी थांबली. एसटीचा ठरलेला थांबा. प्रवासी पुढच्या दारानं गेले, आम्ही मागच्या. भटारखान्यामागे पत्र्याची शेड होती, तिथे एक लांब बाकडं आणि टेबल, फक्त ड्रायव्हर-कंडक्टरांसाठी. मॅनेजर स्वतः आला. "या साहेब." अंडाकरी, तव्यावरून उतरलेल्या पोळ्या, कांदा, लिंबू, मला वेगळी जिलेबी. पैसे नाहीत. जो ड्रायव्हर पन्नास गिऱ्हाइकं दारात आणून उभी करतो त्याला एक ताट द्यायला हॉटेलवाल्याला काय जड होतं! मला तेव्हा हिशेब कळत नव्हता. मला वाटलं, अण्णा फार मोठे आहेत. साहेब म्हणतात, जेवण आणून देतात, पैसे घेत नाहीत.

बाहेर आलो तर एक प्रवासी गाडीच्या दारात उभा होता. सफारी सूट, हातात घड्याळ. हातात म्हणजे मनगटावर नव्हे, काढून हातात धरलेलं, दाखवायला. म्हणाला, "काय ड्रायव्हर, फुकटचं असलं म्हणून किती वेळ खाणार?" आसपासचे दोघं-तिघं हसले. त्यांना शिळा वडा बारा आण्याचा दीड रुपयाला मिळाला होता, तो राग होता त्यात, आणि तो अगदीच चुकीचाही नव्हता. अण्णा काही बोलले नाहीत. सीटखालून टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, काढली, गाडीभोवती फिरून एकेक टायर ठोकला. ठण्ण. ठण्ण. मागच्या आतल्या टायरापाशी जरा जास्त वेळ थांबले, वाकून कान लावला. मग हात पुसून चढले. त्या माणसाला जेवढा उशीर झाला होता त्यात आणखी चार मिनिटांची भर घालून गाडी निघाली. मला वाटलं होतं की त्यांनी सूड उगवला. तसं नव्हतं. ते रोजच ठोकायचे.

त्यानंतर ते डबा न्यायला लागले. आई पहाटे साडेतीनला उठून भाकरी थापायची. थांब्यावर कंडक्टर शेडमध्ये जेवायला जायचा, अण्णा रिकाम्या गाडीत बॉनेटवर डबा उघडायचे. मॅनेजरला वाटलं, साहेब रागावले; त्यानं डेपोत निरोप पाठवला. अण्णांनी उलट निरोप पाठवला की पोटाचा त्रास आहे. निवृत्त होईपर्यंत तो पोटाचा त्रास चालू होता. फक्त मुक्कामी गाडी असली, रात्री खेड्यात थांबायची, की गावातलं कुणीतरी जेवायला बोलवायचं, तिथे ते जेवायचे. "ते फुकट नसतं," म्हणायचे. "सकाळी त्यांचंच दूध आपण तालुक्याला नेतो."

हे असं सगळं माहीत असलेला मुलगा इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' ह्या रकान्यापाशी आला आणि त्यानं लिहिलं: नोकरी, परिवहन महामंडळ. खोटं नव्हतं. ओमाहापर्यंत ड्रायव्हिंग करतोय, हेही खोटं नव्हतं. मला ह्या प्रकारात पूर्वीपासून गती आहे.

त्या रात्री ओमाहाच्या हॉटेलातून घरी फोन लावला. इकडचे रात्रीचे नऊ, तिकडे सकाळचे साडेआठ. अण्णा चहा पिऊन झाडांना पाणी घालत होते. मी ट्रक स्टॉपबद्दल सांगायला लागलो आणि त्यांनी नळ बंद केला. त्यांच्या प्रश्नांना माझ्याकडे निम्मी उत्तरं नव्हती. उणे वीसमध्ये डिझेल थिजत नाही? म्हटलं, थिजतं, मेणासारखं होतं, म्हणून थंडीत पातळ डिझेल मिसळतात आणि वर औषध घालतात. औषध कुणाच्या पैशानं? माहीत नाही. ट्रकची नाकं पुढे का? झोपतात कुठे? म्हटलं, केबिनच्या मागेच पलंग असतो. पलंग! हे त्यांनी आईला ओरडून सांगितलं. मग मी नियम सांगितला: दिवसाला जास्तीत जास्त अकरा तास गाडी चालवायची, तीही चौदा तासांच्या आत, आणि त्याआधी सलग दहा तास सुट्टी. ते हसले. "आणि ऐकतं कोण?" म्हटलं, 2017 च्या डिसेंबरपासून बहुतेक ट्रकांना इंजिनलाच यंत्र जोडलेलं असतं, ते सगळं लिहून घेतं, आवारात उभे असलेले निम्मे लोक भुकेनं नव्हे, घड्याळ संपलं म्हणून थांबलेले असतात. ह्यावर ते गप्प झाले. मग म्हणाले, "घरापासून वीस मैलांवर घड्याळ संपलं तर?" मी म्हणालो, तर तिथेच. "चांगलं आहे," म्हणाले. आणि जरा वेळानं, "चांगलं आहे, पण वाईट आहे."

लाकडी सोट्याचं सांगितल्यावर खूश झाले. "लाकडाचा? आवाज नीट नाही यायचा. टॉमीच हवी."

शेवटी मी पावतीचं सांगितलं. राग आला ते नाही सांगितलं, लॅपटॉपचं तर नाहीच. फक्त एवढंच, की मला ड्रायव्हर समजून त्यांनी दहा टक्के कमी लावले.

"मग तू काय म्हणालास?"

"काही नाही."

"नव्वद टक्के दिलेस ना?"

"हो."

"मग फुकट नव्हे ते," अण्णा म्हणाले, आणि नळ परत सुरू झाल्याचा आवाज आला.

एप्रिलच्या अखेरीस पुन्हा ओमाहाचं काम निघालं. आय-80 मोकळा होता. मी हायवे 30 नं गेलो. काळी जमीन उघडी पडली होती, लांब कुठे पेरणीची यंत्रं धूळ उडवत चालली होती, आणि खताच्या वासानं काचा बंद असूनही गाडी भरलेली. ह्या खेपेला गाडी पुढे लावली, पुढच्या दारानं शिरलो, दाढी काढलेली होती, अंगात इस्त्रीचा शर्ट होता. मुद्दाम होतं का? थोडं होतं. फाशांचं टेबल रिकामं. पेरणीच्या दिवसांत कोण बसतं? चालकांच्या टेबलांवर मात्र दोघं होते, वेगवेगळ्या टेबलांवर, एकमेकांकडे तोंड करून, आणि दोघंही आपापल्या फोनवर बायकांशी बोलत होते. एकाची बायको काहीतरी ऐकून घेत नव्हती.

तीच बाई होती. कप भरता भरता म्हणाली, "ओमाहा?"

तिला आठवत होतं. तीन महिन्यांनी, एका जेवणावर. पाय त्या दिवशी रुबार्ब नावाच्या आंबट देठांची होती, झणझणीत आंबट, चिंचेच्या कोळात साखर कमी पडावी तशी. मला आवडली, पण मनुकांच्या पायची सर नाही. पावती आली. तीच निळी शाई, तीच ओळ, वजा 1.69.

ती पलीकडे कप पुसत होती. मी तिला हाक मारली आणि ओळीवर बोट ठेवलं. म्हणालो, मी ड्रायव्हर नाही. मागच्या वेळीही नव्हतो. कॉम्प्युटरचं काम करतो. हे वाक्य मी कॅरोलपासून मनात घोळवत आलो होतो, आणि तिचं उत्तरही मीच ठरवून टाकलं होतं: ती हसेल, असू दे म्हणेल, एवढं मनावर काय घेतोस म्हणेल. तिनं यातलं काहीच केलं नाही. खिशातून पेन काढलं, ती ओळ आडवी खोडली, ओठ हलवत नवीन बेरीज केली, करासकट आकडा लिहिला, त्याच्याभोवती गोल काढला आणि पावती पुन्हा पालथी ठेवली. मागच्या वेळचे एक डॉलर एकोणसत्तर वगैरे काही काढले नाहीत. "ठीक आहे, हन."

म्हणजे तेवढंच होतं. मी थोडा खट्टू झालो, हे कबूल करतो. म्हणून असेल, पण तोंडातून निघून गेलं, "माझे वडील होते ड्रायव्हर. तीस वर्षं. तिकडे, भारतात."

ती जाता जाता थांबली. पहिल्यांदाच तिनं माझ्याकडे नीट बघितलं असं वाटलं. "काय न्यायचे?"

"माणसं."

तिनं शीळ घातल्यासारखी लांब फुंकर सोडली. "माणसं! त्यापेक्षा डुकरं परवडली. ती किती वाजता पोचणार ते तरी विचारत नाहीत." आणि काळ्या मानेचं भांडं उचलून, फोनवर अजून समजूत काढत असलेल्या त्या ड्रायव्हरचा कप भरायला गेली.

रात्री अण्णांना सांगितलं. ते इतके हसले की आईनं फोन त्यांच्या हातातून घेतला आणि मला विचारलं, काय सांगितलंस रे ह्यांना.